नेम आणि आकडा



गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी एके सकाळी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व वर्गांपुढे मोबाईलवरील बंदुकीच्या खेळांविषयी चार कठोर शब्द बोललो. ह्या खेळांत कौशल्य असे काही नाही, जो जितका अधिक वेळ दवडतो तितका तो वर चढतो, असा आमच्या भाषणाचा सारांश होता. मधल्या सुट्टीत इयत्ता नववीतील एक विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मुलगा अबोल व विनयशील. उलट उत्तर देणारांपैकी नव्हे. तो म्हणाला, "सर, मे महिन्यात मी 'गोल्ड' श्रेणीत होतो, आता 'क्राउन'मध्ये आहे. पूर्वी मी पहिल्या दोन मिनिटांतच मरत असे. आता पुष्कळदा शेवटच्या दहांत पोहोचतो. मग मी सुधारलो की नाही?"

घंटा झाली होती. आम्ही त्यास वर्गात जावयास सांगितले. परंतु खरे कारण घंटा हे नव्हते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ज्या गोष्टीचा आपण कधी अभ्यास केला नाही, तिच्याविषयी आपण दोनतीनशे मुलांपुढे निःशंकपणे निकाल देऊन बसलो, ही जाणीव त्या दिवशी आम्हांस बोचू लागली. विद्यार्थ्याने असे केले असते, तर आम्ही त्याच्या वहीवर लाल शाईने 'आधार काय?' असा शेरा मारला असता. म्हणून आम्ही वाचन केले, जाणत्यांस विचारले, आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे जे उत्तर हाती आले ते ह्या लेखात मांडीत आहोत.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. आपल्याकडील मुलांत जो खेळ अधिक प्रचलित आहे, त्यात सुमारे शंभर खेळाडू एका काल्पनिक बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि सुरक्षित वर्तुळ क्रमाक्रमाने लहान होत असता जो अखेरपर्यंत तगून राहील तो विजयी ठरतो. ह्या खेळाचा आपल्या देशातील इतिहासही चढउतारांचाच आहे. 'पबजी मोबाईल' ह्या खेळावर भारत सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी घातली. त्याच्या जागी 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा खेळ जुलै 2021 मध्ये आला, तोही जुलै 2022 मध्ये बंद झाला, आणि मे 2023 मध्ये काही अटींवर परत आला. अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाकाठी तीन तासांहून अधिक खेळता येऊ नये, ही त्या अटींपैकी एक होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या प्रश्नात दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. एक कौशल्य, म्हणजे खेळाडूच्या नजरेत, हातात व बुद्धीत झालेला बदल. दुसरी श्रेणी, म्हणजे त्या बदलाविषयी यंत्राने दाखविलेला आकडा अथवा बिल्ला. तापमान आणि तापमापक ह्यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. पारा चढला म्हणजे ताप चढला असे आपण समजतो; पण तापमापक उन्हात पडलेला असेल, तर पारा चढूनही रोगी बराच असू शकतो. म्हणून दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

कौशल्य कसे वाढते?

बंदुकीच्या खेळात कौशल्य नाही, हे आमचे विधान चुकीचे होते. ते पुष्कळ आहे, आणि ते अनेक थरांचे आहे. सर्वांत खालचा थर बोटांचा: पडद्यावर नेम धरणे, झाडलेल्या बंदुकीचा धक्का सावरणे. त्यावर स्मरणाचा थर: कोणत्या घराला किती दारे, कोणत्या टेकडीवरून कोणता रस्ता दिसतो. त्यावर श्रवणाचा: पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून. सर्वांत वर निर्णयाचा: आता पुढे जावे की थांबावे, सोबत्यास वाचवावे की स्वतःस लपवावे. नवख्या मुलाचे सारे लक्ष खालच्याच थरात अडकून पडते. बोटे कोठे ठेवावी ह्याचीच विवंचना असता पावलांचा आवाज ऐकणार कोण?

ह्या रीतीने थराथराने कौशल्य वाढण्याचा अभ्यास मोबाईल जन्मास येण्याच्या फार पूर्वी झालेला आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे ब्रायन व हार्टर ह्यांनी 1897 मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. तार घेण्याच्या, म्हणजे टकटकीवरून संदेश ओळखण्याच्या, कामात त्यांस असे आढळले की, उमेदवार आरंभी झपाट्याने सुधारतो. मग बराच काळ त्याचा वेग जागच्या जागी राहतो. आणि नंतर पुन्हा एकाएकी चढू लागतो. मधल्या सपाट भागास त्यांनी पठार म्हटले. त्यांचे अनुमान असे की, उमेदवार प्रथम सुटी अक्षरे ओळखतो. ती अंगवळणी पडली म्हणजे पुढे सबंध शब्द व वाक्ये त्यास एकदम ऐकू येऊ लागतात. पठारावर तो हीच पूर्वतयारी करीत असतो. पुढील संशोधकांनी हे पठार प्रत्येकास लागतेच असे नाही, हेही दाखविले आहे. तथापि ज्याने बासरी, टंकलेखन अथवा इंग्रजी बोलणे शिकण्याचा प्रयत्न केला आहे, त्यास हा अनुभव अगदीच परका नसावा.

आपणां नाशिककरांस हे समजावयास दूर जावयास नको. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्यास थांबते. तेथे मागून जादा इंजिने जोडतात. आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ चढत ती इगतपुरीस पोहोचते. हा चढ डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. इगतपुरीपासून नाशिकरोडपर्यंत मात्र गाडी उंचीने काहीच मिळवीत नाही; पण म्हणून तो प्रवास व्यर्थ गेला असे कोणी म्हणत नाही. नवशिक्याचे पहिले काही आठवडे कसाऱ्याच्या घाटासारखे असतात. पुढील महिन्यांत अंतर तुटत असते, परंतु उंची वाढल्याचे दिसत नाही. आणि ह्याच ठिकाणी पुष्कळ मुले एक तर निराश होतात, किंवा उंची वाढल्याचा भास देणाऱ्या आकड्याच्या मागे लागतात.

आकडा कसा तयार होतो?

खेळाडूचे बळ आकड्यात मांडण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत बुद्धिबळातून आली. अर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, पुढे अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झालेले गृहस्थ. त्यांनी बसविलेली गुणांकनाची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने 1960 मध्ये व जागतिक संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. तिचे मर्म असे: डाव सुरू होण्यापूर्वीच दोघांच्या गुणांकांतील अंतरावरून कोणी किती यश मिळवावे ह्याची अपेक्षा ठरते. गुणांक सारखे असल्यास प्रत्येकाकडून अर्ध्या यशाची अपेक्षा; अंतर 200 असल्यास वरचढ खेळाडूकडून शंभरांत सुमारे 76 यशाची; अंतर 400 असल्यास सुमारे 91 ची. डाव संपल्यावर प्रत्यक्ष फळ आणि अपेक्षा ह्यांतील फरकास एका ठरीव संख्येने गुणून तितके गुण वाढवितात अथवा घटवितात.

ती संख्या 20 धरून एक उदाहरण करून पाहू. बरोबरीच्या गड्यास हरविले, तर 10 गुण मिळतील. आपल्याहून 200 ने वरचढ असणारास हरविले, तर सुमारे 15 मिळतील. 200 ने दुबळ्यास हरविले, तर सुमारे 5 च. उलट त्याच दुबळ्याकडून हार खाल्ली, तर 15 गमवावे लागतील. ह्यावरून दिसेल की, केवळ पुष्कळ डाव खेळल्याने ह्या पद्धतीत आकडा चढत नाही. जितकी अपेक्षा होती त्याहून अधिक करून दाखविले, तरच तो चढतो. आणि आकडा चढला की अपेक्षाही चढते.

आपल्या नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी ह्यांचा प्रवास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 2008 मध्ये ते चौदा वर्षांखालील गटात जगज्जेते झाले. 2013 मध्ये त्यांस ग्रँडमास्टर हे पद मिळाले. त्या पदास 2500 गुणांक गाठावा लागतो. 2017 मध्ये त्यांनी 2700 चा टप्पा ओलांडला. तोवर भारतात हे फक्त तिघांस साधले होते. 2024 च्या आरंभी त्यांचा गुणांक 2747 झाला. म्हणजे 2500 ते 2700 हे अंतर चारपाच वर्षांत तोडणाऱ्या खेळाडूस पुढील सत्तेचाळीस गुणांसाठी सुमारे सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत ते आळशी झाले होते काय? नव्हे, त्याच काळात त्यांनी 2023 ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून जगज्जेत्याच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत स्थान मिळविले. उंचीवर गेल्यावर प्रतिस्पर्धीही उंचीवरचेच भेटतात, आणि प्रत्येक पाऊल महाग पडते. प्रामाणिक आकड्याची चाल अशी असते: आधी वेगाची, मग मंद, आणि अधूनमधून खाली येणारी.

संगणकावरील बंदुकीच्या खेळांनी हीच कल्पना घेऊन तीत एक भर घातली. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत सिद्ध केली, व 2005 पासून ती त्या कंपनीच्या खेळांत वापरात आली. 'हेलो' हा प्रसिद्ध खेळ त्यांतलाच. तीत प्रत्येक खेळाडूविषयी यंत्र दोन संख्या बाळगते. पहिली, ह्याचे कौशल्य किती असावे ह्याचा अंदाज. दुसरी, त्या अंदाजाविषयीची शंका. नव्या खेळाडूचा अंदाज 25 व शंका सुमारे 8.33 धरतात. खेळाडूस दाखविला जाणारा आकडा मात्र अंदाजातून तिप्पट शंका वजा करून काढतात. म्हणून आरंभी तो शून्य असतो.

येथे एक चमत्कार घडतो, तो नीट ध्यानात घ्यावा. समजा, एक मुलगा पहिल्या दिवशी सामान्य खेळाडू होता, आणि पुष्कळ सामन्यांनंतरही तेवढाच सामान्य राहिला. यंत्राचा अंदाज 25 चा 25 च राहिला. पण त्यास वारंवार खेळताना पाहून यंत्राची शंका 8.33 वरून 2 वर आली. आता दाखविला जाणारा आकडा 25 मधून 6 वजा जाता 19 होईल. आकडा शून्यापासून एकोणीसपर्यंत चढला, आणि मुलगा तसूभरही सुधारला नाही! वाढले ते त्याचे कौशल्य नव्हे. त्याच्याविषयीचे यंत्राचे ज्ञान वाढले. यंत्राने ह्यात कोणास फसविले असे नव्हे. आकडा कशाचा आहे हे न विचारणारा आपणच फसतो.

मोबाईलवरील श्रेणी

आता त्या विद्यार्थ्याच्या श्रेणीकडे येऊ. 'ब्राँझ'पासून 'काँकरर'पर्यंत पायऱ्या असलेल्या ह्या खेळात सामन्यागणिक गुण मिळतात अथवा जातात. शत्रू किती टिपले ह्याबरोबरच किती वेळ तगून राहिले ह्यासही त्यांत मोठे वजन असते. म्हणून लपून बसणाराही गुण मिळवू शकतो. खालच्या पायऱ्यांवर समोर येणाऱ्या खेळाडूंपैकी पुष्कळ माणसे नसतातच. संगणकच त्यांस चालवितो. मुले त्यांस 'बॉट' म्हणतात, आणि ते सहज टिपले जातात. शिवाय ठरावीक मुदतीने नवे पर्व, म्हणजे मुलांच्या भाषेत 'सीझन', सुरू होते, आणि सर्वांच्या श्रेणी काही पायऱ्या खाली ढकलल्या जातात. मग तीच पायरी पुन्हा चढावयाची. अगदी वरच्या पायऱ्यांवर खरी झुंज असते. परंतु मधल्या पायऱ्यांपर्यंत पोहोचण्यास खेळाचे ज्ञान थोडे आणि बैठक मोठी असली तरी निभते.

म्हणून प्रार्थनेनंतर आम्ही जे बोललो, ते कौशल्याविषयी असत्य होते, पण श्रेणीविषयी त्यात तथ्यांश होता. आणि त्या मुलाचे म्हणणे श्रेणीविषयी भोळे होते, पण कौशल्याविषयी त्याने नकळत एक चांगला पुरावा दिला होता. 'मी क्राउनमध्ये आहे' हा दुबळा पुरावा. 'पूर्वी दोन मिनिटांत मरत असे' हा त्याहून बळकट. मात्र समोर माणसे होती की बॉट, एवढे विचारणे उरते.

किती खेळावे?

मग कौशल्य वाढविण्यास रात्रंदिवस खेळणे हाच मार्ग काय? ह्या प्रश्नावर एक मोठे संशोधन उपलब्ध आहे. 'हेलो रीच' हा बंदुकीचा खेळ 2010 मध्ये निघाला. त्याच्या पहिल्या सात महिन्यांतील बत्तीस लाखांहून अधिक खेळाडूंच्या सामन्यांची नोंद घेऊन जेफ हुआंग व त्यांचे सहकारी ह्यांनी 2013 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे अतिशय खेळत, ते दिनदर्शिकेच्या हिशेबाने लवकर वर जात, हे खरे. परंतु दर सामन्यामागे किती शिकले असे विचारता, आरंभीच्या दोनशे सामन्यांत आठवड्यास चार ते आठच सामने खेळणारे सर्वांत पुढे होते. एकदोन दिवसांच्या खंडाने फारसे काही बिघडत नसे. दीर्घ खंडानंतर मात्र गेलेले कसब परत येण्यास काही सामने लागत.

ह्याचा अर्थ आमच्या मते असा. लागोपाठ विसावा सामना खेळणारा मुलगा विसाव्या वेळी शिकत नसतो. पहिल्या काही सामन्यांत जे चुकले, तेच तो पुनःपुन्हा गिरवीत असतो. वहीवर एकच अशुद्ध शब्द शंभर वेळा लिहिला, तर अक्षर वळणदार होईल, शब्द शुद्ध होणार नाही. झोप मोडून मिळविलेले सामने तर हिशेबात धरूच नयेत, कारण दिवसा शिकलेले मनात मुरते ते झोपेतच.

जेथे आकडा खोटे बोलत नाही

सरावाचे हे तत्त्व प्रत्यक्ष पाहण्यासही आपले नाशिक सोयीचे आहे. येथे खऱ्या बंदुकीने नेमबाजी शिकणारे तरुण पूर्वीपासून आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावचा स्वप्नील कुसाळे हा मुलगा 2009 मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, आणि नेमबाजीचे आरंभीचे धडे त्याने नाशिकलाच गिरविले. तेव्हा तो तुमच्याच वयाचा होता. पुढे तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. 2022 मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. 2023 मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळाले, पण वैयक्तिक प्रकारात पुन्हा चौथाच. चौथा क्रमांक म्हणजे पदकाच्या दाराशी जाऊन परत फिरणे. अखेर 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात हे भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय.

ह्या प्रकारात गुडघे टेकून, पालथे पडून व उभे राहून प्रत्येकी वीस, अशा साठ गोळ्या झाडतात. पन्नास मीटरांवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. पात्रता फेरीत कुसाळे ह्यांनी 600 पैकी 590 गुण मिळविले, आणि तरी त्यांचा क्रमांक सातवा होता! पहिल्या आठांनाच अंतिम फेरीत प्रवेश असतो. पंधरा वर्षांच्या साधनेनंतर सारा प्रश्न एकदोन गुणांचा, म्हणजे काही मिलिमीटरांचा उरला होता.

कागदाचे लक्ष्य कोणाची खुशामत करीत नाही. तेथे बॉट नाहीत, पर्व नाही, बिल्ला नाही. गोळी जेथे लागली तेथे भोक पडते, आणि ते मध्यापासून किती व कोणत्या दिशेने दूर आहे हे दिसते. नेमबाज आपल्या दहांकडे पाहून थोडेच शिकतो. आठ कोठे लागला, आणि त्या क्षणी श्वास, खांदा वा बोट ह्यांपैकी काय हलले, हे पाहून तो अधिक शिकतो. पडद्यावर नेम साधणारास खरी रायफल चालविता येते असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. एका कामाचे कसब दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही. परंतु चुकीची नोंद ठेवून शिकण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

एक वही आणि एक प्रश्न

हे सर्व जुळल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले. प्रथम, आम्ही न अभ्यासता बोललो हे त्यास सांगितले. खेळात माणसाच्या आकृतीवर नेम धरावा लागतो, हा आमचा आक्षेप मात्र आजही कायम आहे, हेही सांगितले. मग दिवाळीपर्यंत एक वही ठेवावी असे ठरले. घरच्यांच्या परवानगीने शनिवारी व रविवारी मिळून सहाच सामने खेळावे. श्रेणी लिहूच नये. प्रत्येक सामन्यानंतर एकच ओळ लिहावी: मी कसा मेलो, आणि ते टळले असते काय?

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याने वही आणून दाखविली. पहिल्या पानांवर बहुतेक ओळी एकाच अर्थाच्या होत्या: घाईने उघड्यावर धावलो, पावलांचा आवाज ऐकला नाही. ती चूक कित्येक महिने रोज घडत होती. पण श्रेणी चढत असल्याने ती त्याच्या ध्यानात आली नव्हती. शेवटच्या पानांवर ती ओळ क्वचितच दिसत होती. तिच्या जागी दुसऱ्या, अधिक बारीक चुका आल्या होत्या. मध्यंतरी नवे पर्व सुरू होऊन त्याची श्रेणी क्राउनवरून खाली आली होती. "पण सर," तो म्हणाला, "मी आता जास्त बरा खेळतो." आम्ही त्यास होय म्हटले, कारण ह्या वेळी पुरावा त्याच्या हातात होता.

मग तो जाता जाता थबकला व त्याने विचारले, "सर, घटक चाचणीत मला गणितात पंधरा होते, सहामाहीत जास्त पडले. ती श्रेणी की कौशल्य?"

मित्रहो, ह्या प्रश्नाने आम्हांस पहिल्याहून अधिक विचारात पाडले. सोपी प्रश्नपत्रिका काढून वर्गाचा निकाल सुधारल्याचा आनंद आम्ही शिक्षकांनी कधी मानला नाही काय? तीच ती ठरलेली उत्तरे पाठ करवून घेऊन, पर्वाच्या शेवटी बिल्ला मिळावा तसे गुण आम्ही वाटले नाहीत काय? तुम्ही गुणपत्रिका घेऊन घरी जाता, आकडा वाढलेला पाहून आईवडील संतोषतात, आणि कोणती चूक महिनोन्‌महिने तशीच राहिली हे कोणीच विचारीत नाही. मोबाईलच्या खेळास जो दोष आम्ही लावला, तो आमच्याही फळ्याखाली दडलेला होता. म्हणून दुसऱ्या सत्रापासून आम्ही आमच्या गणिताच्या वर्गात तपासलेल्या उत्तरपत्रिकेबरोबर एक कोरा कागद देऊ लागलो आहोत. त्यावर विद्यार्थ्याने आपले गुण लिहावयाचे नाहीत. कोठे चुकले व का, एवढेच लिहावयाचे. काही मुलांस ते कंटाळवाणे वाटते. काहींच्या कागदांवर मात्र चुका बदलू लागल्या आहेत, आणि चूक बदलणे ही सुधारणेची पहिली खूण होय.

शेवटी एक शब्दाची गोष्ट सांगून लेख पुरा करतो. पवित्र शास्त्रातील 'शास्ते' ह्या पुस्तकात बन्यामीन वंशातील सातशे डावखोऱ्या वीरांचा उल्लेख आहे. गोफणीचा धोंडा केसावर मारला तरी ते चुकत नसत, अशी त्यांची ख्याती. 'चुकणे' ह्या अर्थी तेथे जे इब्री क्रियापद आले आहे, तेच अन्यत्र 'पाप करणे' ह्या अर्थी येते. नव्या करारात पापास जो ग्रीक शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे असाच होता. आम्ही प्रशिक्षण घेत असता हे प्रथम ऐकले, तेव्हा तो केवळ व्युत्पत्तीचा चमत्कार वाटला होता. आता त्यात दिलासा दिसतो. ज्याचा नेम चुकला, त्याच्यासमोर लक्ष्य अजून उभे असते. आणि किती चुकला, कोणीकडे चुकला, हे पाहण्याचे धैर्य त्याच्यापाशी असेल, तर पुढची गोळी त्याच्याच हातात आहे.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. वही त्याने बंद केलेली नाही. मात्र तीत हल्ली भूमितीच्या ओळी अधिक असतात.